नेफा सैल झाला की: जांघेतला हर्निया, सोप्या भाषेत

गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बातमी इंदुरातल्या आमच्या सगळ्या रामबागेत पसरली. त्यानंतर तिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, आणि तिघांनीही आधी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. पहिले शेजारचे काका, वय ७४. दुसरा छावणीच्या धान्यबाजारात पोती वाहणारा पस्तिशीतला हम्माल, आमचे वर्षाचे गहू तोच घरी आणून टाकतो. तिसरी माझी मामेबहीण, तिला दोन महिन्यांच्या नातवासाठी विचारायचं होतं. प्रश्न असा: "ऑपरेशन करावंच लागतं का?"

दुखण्याचं नाव एकच, पण उत्तरं तीन निघाली. काकांना "थांबलात तरी चालेल", हम्मालाला "घाई नको, पण करून घे", आणि बाळासाठी "या आठवड्यातच सर्जनला दाखव". असं का, ते नीट कुणी सांगत नाही. चौकातल्या फलकावर 'बिना चीरा, बिना टांका, उसी दिन छुट्टी' असतं, व्हॉट्सॲपवर ऑपरेशनमध्ये बसवलेली जाळी पोटात सडल्याचे व्हिडिओ फिरतात, आणि घरात कोणीतरी आजोबांच्या हर्नियाच्या पट्ट्याची आठवण काढतं. मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं बँकेत लेजर तपासली. त्याच सवयीने हे प्रकरण तपासलं, स्वतःच्या सर्जनला पुरतं पिडलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

रोग नाही, भोक

मराठीत याला जुना आणि नेमका शब्द आहे: अंतर्गळ. आतलं गळून बाहेर आलं. इंदुरात 'आँत उतर गई' म्हणतात, आणि आपणही 'आंत उतरली' म्हणून मोकळे होतो. खरं तर दर वेळी आतडंच उतरतं असं नाही, पुष्कळदा आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा तेवढा बाहेर डोकावतो.

तो डोकावतो कुठून, हे समजायला पायजम्याचा नेफा डोळ्यांपुढे आणा. पोटाच्या भिंतीत, जांघेच्या घडीच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना एकेक तिरका बोगदा असतो. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४ सेंटिमीटर. नेफ्यातून नाडी जावी तशी पुरुषांच्या या बोगद्यातून एक जाड दोरी जाते. त्या दोरीत वृषणाच्या रक्तवाहिन्या असतात आणि वीर्य वाहून नेणारी नळी असते. नेफ्याला जशी दोन तोंडं, तशी बोगद्यालाही: एक पोटाच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या.

हा बोगदा असतोच कशाला? तर गर्भात वृषण तयार होतात ते पार वर, मूत्रपिंडांच्या जवळपास. जन्माआधीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ते खाली सरकतात, आणि सरकताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी सोबत ओढून नेतात. ही पिशवी जन्माच्या सुमारास मिटायची असते. काहींची मिटत नाही. उजवा वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरतो, म्हणून उजवीकडचे हर्निये जास्त. बायकांच्या बोगद्यातून गर्भाशयाचा एक बारीक बंध तेवढा जातो, त्यामुळे त्यांचा नेफा अरुंद राहतो. आयुष्यभरात कधी ना कधी जांघेतला हर्निया होण्याचं प्रमाण पुरुषांत शंभरातले सुमारे २७ आणि बायकांत ३, ते या नाडीपायी. म्हणजे आपल्या सोसायटीच्या जिन्यात रोज भेटणाऱ्या चार पुरुषांतला एक. चौघंही बोलणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आपण खोकतो, शिंकतो, कुंथतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी बोगद्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि दुकानाचं शटर खाली यावं तसं तोंड मिटतं. बिघाड दोन तऱ्हेने होतो. एक तर आतलं तोंड सैल होऊन (किंवा ती जन्माची पिशवी उघडीच राहून) आतला ऐवज नाडीच्या वाटेने खाली उतरतो, कधी थेट अंडकोशापर्यंत. नाहीतर नेफ्याचं मागचं कापडच विरतं आणि तिथून सरळ पुढे फुगा येतो. सर्जन पहिल्याला इनडायरेक्ट म्हणतात आणि दुसऱ्याला डायरेक्ट. मोठ्यांमध्ये दोन्हींची दुरुस्ती जवळजवळ सारखीच असल्यामुळे हे शब्द मी पुन्हा वापरणार नाही.

सुश्रुतसंहितेत सात प्रकारच्या 'वृद्धी', म्हणजे अंडकोशाच्या सुजा, सांगितल्या आहेत, त्यांतली एक आंत्रवृद्धी. दाबली की आवाज करत वर जाते आणि सोडली की पुन्हा फुगते, असं तिचं वर्णन आहे. आंघोळीच्या वेळी मी स्वतःची गाठ दाबायचो तेव्हा अगदी तसाच गुडगुड आवाज यायचा. निरीक्षण किती पक्कं होतं बघा. आंत्रवृद्धीला तिथे असाध्य म्हटलंय, पण त्या शब्दाची गरज गेल्या दीडशे वर्षांत संपली आहे.

वजन उचलल्यामुळेच होतो ना?

सुश्रुतानेही कारणांत ओझं वाहणं सांगितलंय, आणि हम्मालाची तर खात्रीच होती. "बोरी उचलली आणि कट् झालं," तो म्हणाला. तसं होतं खरं, पण बहुतेकदा त्या दिवशी गाठ पहिल्यांदा दिसते इतकंच. कापड आधीच विरलेलं असतं. नुसत्या वजनाने धडधाकट भिंत फाटते याचा पुरावा कच्चा आहे. तसं असतं तर सगळी धान्यमंडी ऑपरेशनच्या टेबलावर असती, आणि ज्याने आयुष्यात लेजरपेक्षा जड काही उचललं नाही अशा माझ्यासारख्याला हर्निया झाला नसता.

ज्यांचा वाटा पक्का दिसतो त्या गोष्टी अशा: घरात आणखी कुणाला असणं, वय, शरीरातले चिवट धागे मुळातच कमी चिवट असणं, जुना खोकला, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असणं. विडी-सिगरेट दोन्हीकडून मारते, खोकलाही आणते आणि धागेही कमकुवत करते. म्हातारपणी लघवीला जोर करावा लागत असेल तर त्याची तपासणी आधी करून घ्यावी. नेफा नवा शिवायचा आणि रोज रात्री चार वेळा तो ताणायचा, याला अर्थ नाही.

जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ती गाठ कडक असते, दुखते, आणि आडवं झाल्यावर नाहीशी होत नाही. अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशात पाणी साठणं, हा आणखी वेगळा प्रकार. त्या सुजेवर अंधारात बॅटरी धरली तर ती लालसर उजळते. हर्नियाची खूण अशी की उभं राहिलं किंवा खोकलं की गाठ दिसते आणि निजलं की बहुधा आत जाते. सकाळी नाही, संध्याकाळी आहे, असंही पुष्कळांचं असतं.

म्हणूनच त्याची खरी तपासणी फुकटातली आहे. पेशंटला उभं करायचं, खोकायला सांगायचं आणि बोट ठेवून बघायचं. मी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे मला उभंसुद्धा केलं नाही. टेबलाच्या पलीकडूनच सोनोग्राफी लिहून दिली. सोनोग्राफी मी निजून केली, निजल्यावर गाठ आत गेलेली, रिपोर्ट आला 'नॉर्मल'. त्यावर मी आणखी आठ महिने काढले. दुखतंय पण गाठ दिसत नाही, किंवा गाठ आहे पण कशाची ते कळत नाही, अशा वेळी सोनोग्राफी कामाची आहे, तीही खोकायला लावून केलेली. जी गाठ धोतरातूनसुद्धा दिसते तिच्यासाठी नाही.

औषध, आसन, पट्टा: यांनी नाही बरा होणार?

नाही. भोकाला गोळी लागू पडत नाही, इतकं सरळ आहे. पायजम्याचा नेफा उसवला तर आपण त्याला काढा पाजत नाही. व्यायामाने भोवतालचे स्नायू बळकट होतील, पण मधलं भोक स्नायूंच्या पोटात नसून पांढऱ्या चिवट पडद्यात आहे, आणि पडद्याला व्यायाम देता येत नाही. कपालभातीसारखे पोटाला धक्के देणारे प्रकार निदान उपचार होईपर्यंत नकोत. खोकल्यात जे होतं तेच तिथे मिनिटाला साठ वेळा होतं.

पट्ट्याबद्दल लोक चिडतात, कारण त्याने बरं वाटतं. वाटेलच, बाहेरून दाबून धरलं की गाठ येत नाही. पण पट्टा काढला की भोक होतं तिथेच असतं, आणि गाठ बाहेर असताना वरून पट्टा आवळला तर आतलं आतडं चेपतं. ऑपरेशन खरोखरच झेपणार नाही अशा फार थकलेल्या माणसाला पट्टा देतात. तोही सकाळी उठायच्या आधी, गाठ आत असताना, निजूनच बांधायचा.

दुखत नाही, मग कापायचं कशाला?

हा काकांचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणा. पूर्वी सर्जन म्हणत, हर्निया दिसला की शिवून टाका, नाहीतर कधी अडकेल सांगता येत नाही. मग उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हर्निया होता, पण त्रास नव्हता किंवा नावापुरता होता. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण निघालं, १००० माणसांनी प्रत्येकी एक वर्ष काढलं तर दोनाच्या आतच. म्हणजे त्रास नसलेल्या पुरुषाने सर्जनच्या सल्ल्याने थांबणं हा बेजबाबदारपणा नव्हे.

पण अर्धी गोष्ट ऐकून उठू नका. थांबलेल्यांपैकी दोन वर्षांत २३ टक्क्यांनी आपणहून ऑपरेशन करून घेतलं, आणि दहा वर्षांनी हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. पासष्टीच्या वरच्यांत तर ७९ टक्के. बहुतेकांचं कारण एकच, दुखायला लागलं. भोक लहान होत नाही, वेळ गेला की मोठंच होतं. तेव्हा थांबणं म्हणजे टाळणं नव्हे, बहुतेकांच्या बाबतीत ती पुढची तारीख असते. काकांना मी एवढंच म्हटलं की थांबायचंच असेल तर थांबा, पण साखर आणि रक्तदाब आत्ताच ताळ्यावर आणा. उद्या टेबलावर जायची वेळ आलीच तर ७४ आणि ७९ यांत फरक असतो. आणि ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ते कार्ड आधीच काढून ठेवा, रात्री दोन वाजता कार्ड निघत नाही.

हम्मालाचं तसं नाही. त्याला दुखतं, दिवसातून दहा वेळा गाठ आत ढकलावी लागते, आणि त्याचं पोट पाठीवर चालतं. त्याने थांबून मिळवायचं काही नाही.

रात्री दोन वाजता धावायची वेळ कोणती

रोज आत जाणारी गाठ आज जात नाही. ती कडक झाली आहे, हात लावू देत नाही, वरची कातडी लालसर किंवा काळपट दिसतेय. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली तर सकाळची वाट पाहायची नाही. भोकाच्या काठाने आतड्याला फास बसलेला असतो. बोटाला घट्ट दोरा गुंडाळला की बोट निळं पडतं तसं आतडं निळं पडतं, आणि काही तासांत मरतं. मग साधी शिवण राहत नाही, आतड्याचा तुकडा कापून जोडावा लागतो आणि गोष्ट जिवावर येते. अशा वेळी गाठ जोराने आत ढकलू नका, तेल चोळू नका, शेकू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयासारख्या मोठ्या, चोवीस तास सर्जन असणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत थेट जा.

शिलाई आणि ठिगळ

हर्नियाच्या आजच्या शस्त्रक्रियेचा पाया एदुआर्दो बासिनी या इटालियन सर्जनने घातला. तरुणपणी, १८६७ साली, रोम मुक्त करायच्या लढाईत त्याच्याच जांघेत संगीन घुसली होती. पुढे पादुआत सर्जन झाल्यावर त्याने जांघेचा तो बोगदा थराथराने उलगडला आणि मागची भिंत पुन्हा शिवण्याची पद्धत बसवली, ती १८८७ साली छापली. शिवलेला हर्निया बहुधा उलटतोच, म्हणजे पुन्हा होतोच, असं जे समीकरण होतं ते त्याने मोडलं. टोरांटोत शोल्डाइसने १९४५ साली आपलं रुग्णालय काढलं. तिथे आजही बरेचसे हर्निये चार थरांच्या शिलाईने, ठिगळाविना दुरुस्त होतात.

शिलाईतली अडचण मला सर्जनने सांगितली नाही, राजवाड्यामागच्या आमच्या शिंप्याने सांगितली. विरलेली पॅन्ट घेऊन गेलो होतो, म्हटलं दोन्ही काठ ओढून शिवून टाक. त्याने कापड उजेडासमोर धरलं आणि म्हणाला, "सिलाई नहीं टूटती बाबूजी, बाजू का कपड़ा फटता है." हेच ते. दोन काठ ताणून जवळ आणले की ताण टाक्यांवर येतो, टाके शेजारचं कमकुवत कापड कापतात आणि हर्निया उलटतो. दुखतंही जास्त. लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात उलटा विचार केला: काठ ओढूच नका, वर जाळीचं ठिगळ लावा. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे नवे धागे वाढतात आणि सहा-आठ आठवड्यांत ठिगळ भिंतीचा भाग होतं, वेलीने कुंपण धरावं तसं. जगात वर्षाला दोन कोटींहून अधिक जांघेचे हर्निये दुरुस्त होतात, त्यांत मोठ्यांच्या ऑपरेशनांत जाळी हीच आता नेहमीची रीत झाली आहे.

फायदा किती? अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा उलटण्याचं प्रमाण जाळीने निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. दुसऱ्या शब्दांत, ४६ जणांना जाळी बसवली की त्यांतल्या एकाचा हर्निया उलटायचा टळतो. आकडा छोटा वाटेल, पण दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा नेहमीच अवघड असतं.

जाळी नकोच असेल तर वाट पुण्यातूनही जाते. तिथल्या डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली एक पद्धत मांडली. त्यात जवळच्याच चिवट पडद्याची पट्टी, मूळ जागेपासून न तोडता, मागच्या भिंतीवर शिवतात. थोडक्यात, पायजम्याच्याच कापडाचं ठिगळ. हात बसलेला सर्जन मिळाला तर हाही चांगला पर्याय आहे.

पण ती जाळी आत सडते म्हणे

जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. हम्माल ज्या पांढऱ्या विणलेल्या पोत्यांतून गहू वाहतो तीही त्याच प्लास्टिकची, अर्थात औषधी दर्जाची नव्हे. ते शरीरात सडत नाही, विरघळत नाही. क्वचित जंतुसंसर्ग होतो, आणि तेव्हा जाळी काढावीही लागते. भीतीचा उगम बराचसा दुसरीकडे आहे. अंग बाहेर आलेल्या बायकांना योनिमार्गातून बसवायच्या जाळीने पुष्कळ त्रास झाला, खटले चालले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ती विकायला बंदी घातली. जागा वेगळी, काम वेगळं. पण व्हॉट्सॲपवर सगळ्या जाळ्या एकच.

खरा आक्षेप दुखण्याचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी जांघेत दुखत राहणारे शंभरात दहा-बारा असतात. त्यातल्या थोड्यांना कामं अवघड होतील इतकं. बोगद्यातून आणि त्याच्या शेजारून तीन बारीक नसा जातात, त्या टाक्यात किंवा जाळीत सापडल्या तर हे होतं, आणि जाळी न वापरताही होतं. ऑपरेशनआधीच ज्यांना गाठीपेक्षा दुखणं फार होतं, त्यांना नंतरही जास्त. ही गोष्ट फलकावर लिहिलेली नसते, म्हणून मी ती सर्जनला विचारून घेतली. तुम्हीही विचारा.

जाळी महाग आहे हा आक्षेप मात्र आपल्या शेजारच्याच माणसाने मोडून काढला. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, शिरपूर करत खाली उतरलं की धुळे जिल्ह्यात दोंडाईचा गाव आहे. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांना विकतची जाळी परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, तपासलं, निर्जंतुक केलं आणि जाळीच्या जागी वापरलं. किंमत जवळजवळ नगण्य. इतर सर्जनांबरोबर केलेल्या या कामाचा अहवाल २००३ साली छापून आला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात मच्छरदाणीवाल्या गटात एकाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीवाल्यांत कुणाचाच नाही. खरा फरक म्हणता येणार नाही इतकंच अंतर. दोंडाईच्याच्या खेड्यापाड्यांसाठी काढलेली युक्ती आफ्रिकेत सिद्ध झाली, याचा मला, का कोण जाणे, खासगी आनंद झाला. (म्हणून शीतलामाता बाजारातून कापड आणून डॉक्टरांपुढे ठेवू नका. कोणतं कापड, किती तापमानाला निर्जंतुक करायचं, हे सगळं त्यांनी ठरवून घेतलं होतं.)

चिरून, दुर्बिणीने की रोबोने?

चिरून म्हणजे जांघेवर दोन-तीन इंचांची चीर, ठिगळ भिंतीच्या पुढून. यासाठी पूर्ण भूल लागतेच असं नाही. कमरेतल्या इंजेक्शनने होतं, आणि तयारीचा सर्जन असेल तर नुसती तेवढी जागा बधिर करूनही. हृदय-फुप्फुस नाजूक असलेल्यांना हा मोठा आधार.

दुर्बिणीने म्हणजे तीन लहान छिद्रं, पूर्ण भूल, आणि ठिगळ भिंतीच्या मागून, साधारण १५ बाय १० सेंटिमीटरचं, पोस्टकार्डाहून जरा मोठं. गळक्या बादलीला बाहेरून लावलेलं ठिगळ पाणी ढकलून काढतं, आतून लावलेलं पाण्याच्या दाबानेच चिकटून बसतं. इथे तसंच आहे. दुखणं कमी, कामावर लवकर परतता येतं, आणि दोन्ही बाजूंचे हर्निये त्याच तीन छिद्रांतून होतात. एकदा चिरून केलेला हर्निया उलटला असेल तर हाच रस्ता बरा, कारण जुनी जागा उकरावी लागत नाही. उलट प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन आधी झालं असेल तर आत सगळं चिकटलेलं असतं, तेव्हा पुढून केलेलं बरं. बाकी लोकांत, हात बसलेला असेल तर, हर्निया उलटण्याच्या बाबतीत दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. तेव्हा "कोणतं चांगलं?" यापेक्षा "डॉक्टर, तुम्ही वर्षाला यातली किती करता?" हा प्रश्न कामाचा.

रोबोबद्दल थोडक्यात. रोबो आपणहून काही करत नाही, सर्जनच बाजूच्या खुर्चीत बसून त्याचे हात हलवतो. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत रोबो आणि साधी दुर्बीण यांची तुलना झाली, २०२० मध्ये छापून आली. पेशंटला जास्तीचा फायदा दिसला नाही, वेळ आणि खर्च मात्र वाढले. गुंतागुंतीच्या मोठ्या हर्नियात त्याचा उपयोग असेल, पण साध्या, एका बाजूच्या, पहिल्यांदाच झालेल्या हर्नियासाठी कोणी रोबोचे वेगळे पैसे मागत असेल तर मी तरी चहा पिऊन परत येईन.

बाळ आणि बायका

बाळाच्या बाबतीत थांबणं लागू नाही. तिथे जन्माची पिशवी उघडी राहिलेली असते, भोक बारीक असतं, आणि पहिल्या वर्षात अडकण्याचा धोका बराच. दिवस पुरे न होता जन्मलेल्या बाळांत तर आणखी. ऑपरेशन मात्र मोठ्यांपेक्षा सोपं, पिशवी बांधून टाकायची, बस. जाळी नाही, कारण कापड नवं आहे. मामेबहिणीच्या घरी आधी वेगळीच मसलत चालली होती, बेंबीवर नाणं बांधायची. बेंबीचा हर्निया निराळा, तो बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप मिटतो, नाण्याशिवाय. जांघेचा मिटत नाही.

बायकांना जांघेत गाठ आली तर 'बघू पुढे' करू नये. त्यांच्यात पुष्कळदा हर्निया जांघेच्या घडीच्या खालून, मांडीत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारून येतो. ती वाट अरुंद आणि कडक असते, म्हणून फास लवकर बसतो. गाठ सुपारीएवढी असते, दिसतही नाही, आणि बाई सांगत नाही. हे तिन्ही एकत्र आलं की उशीर होतो.

घरी आल्यावर

माझं चिरून झालं. आत नेण्याआधी सर्जनने पेनाने उजव्या मांडीवर बाण काढला, चुकून डावी बाजू उघडू नये म्हणून. त्या बाणाने मला भुलेपेक्षा जास्त धीर दिला. संध्याकाळी चालवलं, दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसलो आणि किंचाळलो, कारण खालचा सगळा भाग वांग्यासारखा जांभळा झाला होता. फोन केला तर पलीकडे हसू. रक्त खाली उतरून साकळतं, दोन-तीन आठवड्यांत रंग जातो. गाठ होती त्या जागी पुन्हा सूज दिसते, ती बहुधा साठलेलं पाणी असतं, हर्निया नव्हे. चिरेखालचा थोडा भाग बधिर राहतो. ताप येणं, चिरेतून पू येणं, लघवी अडकणं यासाठी मात्र लगेच फोन करायचा.

चालणं पहिल्या दिवसापासून. स्कूटर, एकदम ब्रेक मारताना दुखणार नाही तेव्हा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. पुरुष जे विचारत नाहीत ते मी विचारून घेतलं: संसारात काही फरक पडत नाही, दुखायचं थांबलं की सगळं पूर्ववत.

बाळाचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. काका अखेर सर्जनकडे जाऊन आले. "उभे राहा, तोंड तिकडे करा, खोका," म्हटल्यावर ते इतके खणखणीत खोकले की बाहेरच्या रांगेतले लोक दाराकडे बघायला लागले. त्यांना सहा महिन्यांनी बोलावलंय. हम्मालाने सर्जनला एकच विचारलं, किती दिवस बोरी उचलायची नाही. सर्जन म्हणाले, तुझ्या कामाला निदान सहा आठवडे. तो बाहेर येऊन बोटांवर हिशेब करत बसला. गव्हाचा हंगाम सोडून चालणार नव्हतं, म्हणून त्याने पावसाळ्यातली तारीख घेतली आहे, मंडी थंड असते तेव्हाची.